चारचा चिरूट

खोली बघायला मी गेले तो रविवार होता. रायपूरच्या तात्यापाऱ्यातली अरुंद गल्ली, एप्रिलचं ऊन आणि हातात वर्ध्याहून आणलेली जड बॅग. मला सांगितलेल्या घराच्या ओट्यावर एक बाई लाकडी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. वय साठीच्या पुढं, पांढरी सुती साडी, केस मागे घट्ट बांधलेले. शेजारच्या स्टुलावर, दवाखान्यात असतो तसा, घेवड्याच्या बीच्या आकाराचा स्टीलचा ट्रे. त्यांच्या डाव्या हातात अंगठ्याएवढा जाड चिरूट होता आणि उजव्या हातात जळती काडी. चिरूट ओढणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. बाई तर नाहीच नाही.

"नमस्कार, खोलीसाठी..." मी सुरुवात केली.

त्यांनी माझ्याकडे न बघताच मान हलवली. थांब, असा त्याचा अर्थ होता. मी थांबले. हातातली काडी संपत आली तशी त्यांनी ती ट्रेमध्ये टाकली, दुसरी ओढली, तिचं गूल फुर्रकन जळून जाऊ दिलं आणि ज्योत पिवळी, शांत झाली तेव्हाच ती चिरूटाखाली नेली. टोकाला लावली नाही, बोटभर खाली धरली. चिरूट हळूहळू फिरत होता, विस्तवावर पापड फिरवतात तसा. समोरच्या किराणा दुकानातला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "बहनजी, सिस्टर दीदी का चार बजे का टाइम है. अभी कोई नहीं बोलता."

तीन काड्या झाल्या. मग कुठं त्यांनी चिरूट ओठांत धरला, दोन-चार बारीक झुरके घेतले, पुन्हा बाहेर काढला, त्याच्या टोकावर हलकी फुंकर मारली आणि ते टोक माझ्याकडे वळवून विचारलं,

"पाह्य बरं. सगळीकडून लाल आहे का?"

मी वाकून बघितलं. बटणाएवढं लाल वर्तुळ होतं, कडेपर्यंत सारखं.

"हो."

"एवढा वेळ उन्हात उभी राहिली, कटकट नाही केली," त्या म्हणाल्या. "राहाजो मंग. खोली वरती आहे."

त्या रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सगळा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, त्यांना सिस्टरच म्हणायचा. माणसं मूळची भंडाऱ्याकडची. वडील रेल्वेत लागले आणि कुटुंब रायपूरला आलं. सिस्टरनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारलं असेल त्यांना काय उत्तर मिळालं असेल याची मला कल्पना आहे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली आईवडिलांचा एक फोटो, आणि एका खिळ्याला ड्यूटीवर लावायचं ते उलट्या तबकडीचं छोटं घड्याळ. रविवारी चार वाजायला दहा मिनिटं असली की ते घड्याळ पदराला लागायचं.

आठवड्यातून एक चिरूट. सोमवार ते शनिवार त्या घरात तंबाखूचा वासही नसे. भाडेकरूंना तर सक्त मनाई होती. माझ्या आधीच्या भाडेकरणीच्या भावानं जिन्यात सिगारेट पेटवली म्हणून त्याला त्यांनी हाताला धरून गल्लीपर्यंत पोचवलं होतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "पण सिस्टर, तुम्हीही ओढताच की."

"हव, ओढतो न. अन् त्यानं काय होते ते बी मले मालूम आहे. तीस वर्षं पाहिलं वॉर्डात. तो पोट्टा काही ओढून नव्हता राहिला. तो भिऊन राहिला होता, म्हून हाताले काही तरी पायजे होतं त्याले."

चहाच्या टपरीवर विडी ओढणाऱ्यांना त्या थांबून झापायच्या, खोकला किती दिवसांचा आहे ते विचारायच्या, एक्स-रे काढायला पाठवायच्या. त्यांच्यापैकी एकानंही कधी उलट बोट दाखवलं नाही. कदाचित घाबरत असतील. कदाचित त्यांना कळत असेल की या बाईचं ओढणं निराळं आहे, जसं मला हळूहळू कळलं.

दुकानदार त्याला सिगार म्हणत, सिस्टर चिरूटच म्हणत. विशाखापट्टणमला त्यांच्यासोबत शिकलेली एक मैत्रीण होती. ती वर्षातून दोनदा कुणाच्या तरी हाती डबा पाठवायची. डब्यात देवदाराच्या लाकडाचे पातळ पापुद्रे असत. रायपूरच्या मेमध्ये पापड आपोआप वाळतात, तिथं तंबाखूच्या पानाचं काय होणार? म्हणून सिस्टर एका मोठ्या स्टीलच्या डब्यात चिरूट ठेवत आणि कोपऱ्यात वाटीत विटेचा भिजवलेला तुकडा. दर तिसऱ्या दिवशी वीट पुन्हा भिजवायची. चिरूट बोटांत धरून कानाशी हलकेच दाबायच्या. कुरकुर आवाज आला तर तो त्या रविवारचा नाही. दबून पुन्हा फुगला तर लायक.

बाकीचं सगळं एखाद्या ड्रेसिंगसारखं. आधी हात धुवायचे. मग नव्या सर्जिकल ब्लेडनं चिरूटाच्या बंद टोकाची टोपी उडवायची, नखाच्या चंद्राएवढी, जास्त नाही. जास्त कापली की वरचं पान उकलत जातं. मग न पेटवता एक झुरका ओढून बघायचा, हवा येते की नाही. मग शेकणं. "पयले शेकायचं, मंग पेटवायचं," हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. "जाळाले चिरूटाले शिवू द्यायचं नाही. आंच जाऊ द्यायची. कडा काळ्या झाल्या, थोडा धूर निघाला का समजायचं, आता हा तयार आहे."

मेणबत्ती चालत नसे. मेणाचा वास धरतो. पाऱ्यातल्या एका पुढाऱ्यानं एकदा मोठ्या अदबीनं खिशातला चकचकीत लायटर पुढं केला, "लीजिए दीदी." सिस्टरनी लायटर हातात घेतला, वास घेतला आणि परत दिला. "भैया, ये आपकी स्कूटर के लिए अच्छा है." लू वाहायला लागली आणि काड्या टिकेनात की ब्लेडनं देवदाराच्या पापुद्र्याच्या पट्ट्या काढायच्या, दाराच्या आडोशाला पट्टी पेटवायची आणि तिच्या लांब, संथ ज्योतीवर शेकायचं. धूर छातीत कधी घेत नसत. तोंडात फिरवून सोडून द्यायच्या. आणि अर्ध्यावर आला की ट्रेच्या काठावर ठेवून द्यायच्या, दाबून विझवत नसत. "दाबला का घाण वास सोडते. त्याचा त्याले विझू द्यायचा."

मला त्यांनी पेटवायला शिकवलं. ओढायला नाही, एकदा मी गमतीनं ओठांशी नेला तर हातावर फटका बसला. "तुले ओढायचा नाही. पण पेटवता आला पायजे." का, तर माझे हात कापतात म्हणून. कापत होते खरे. मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात नवी लागले होते, साहेबांसमोर फाइल धरताना कागद वाजायचे. पहिल्या वेळी मी घाईनं जाळ जवळ नेला आणि चिरूट एका अंगानं पेटून पळत सुटला. दुसरी बाजू तशीच थंड. सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी बोट पाण्यात बुडवून पळणाऱ्या बाजूवर ओला पट्टा ओढला आणि थंड बाजू खाली करून धरली. पाच मिनिटांत दोन्ही बाजू बरोबरीला आल्या.

"पाहिलं? फेकायची गरज नसते," त्या म्हणाल्या. "जो पळते त्याले थोडं थांबवायचं, बस."

त्यांना हे कुणी शिकवलं, ते त्यांनी पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं. बावीस वर्षांच्या असताना वॉर्डात एक म्हातारा तेलुगू ड्रायव्हर आला होता, वाफेच्या इंजिनावर दोन्ही हात भाजलेले, कोपरापर्यंत पट्ट्या. त्याला बाकी काही नको होतं, संध्याकाळी मागच्या व्हरांड्यात एक चिरूट हवा होता. वॉर्डबॉय टाळायचे, बाकीच्या नर्सेस नाक मुरडायच्या. सिस्टरनी पेटवून दिला. त्या माणसाला बोटानं दाखवता येत नव्हतं, म्हणून त्यानं सगळं शब्दांनी शिकवलं, अर्धं तेलुगूत, अर्धं हिंदीत. "धीरे, अम्मा. घुमाओ. दूर से, दूर से." दोन महिने. तो बरा होऊन गेला, जाताना एक चिरूट देऊन गेला. तो सिस्टरनी ट्रंकेत ठेवला. पुढं बऱ्याच वर्षांनी, स्वतःच्या पगारावर त्यांनी हे घर घेतलं. एकट्या बाईला, त्यातून आमच्यातल्या, तेव्हा कुणी धड खोली भाड्यानं देत नव्हतं. "घर माझं झालं," सिस्टर म्हणाल्या, "तशी आपल्या ओट्यावर बसली अन् पेटवला. चार वाजता. ड्यूटी नसली तर तेव्हापासून एक रविवार नाही चुकला."

मी हे सगळं ऐकलं होतं. एखादी छान गोष्ट ऐकतात तसं ऐकलं होतं. म्हणूनच पुढं जे केलं त्याला माझ्याकडे सबब नाही.

तिथं राहून मला दोन वर्षं होत आली तेव्हा माझ्या लग्नाचं निघालं. मुलगा नवा रायपूरच्या एका ऑफिसात, राहायला तेलीबांध्याला. वडील भिलाईला प्लांटात, आई गोंदियाकडची. वर्ध्याला माझ्या घरी बघून झालं होतं, मला मुलगा आवडलाही होता. आता त्याच्या आईनं निरोप धाडला की मुलगी रायपुरात राहते कुठं, कशी, ते एकदा येऊन बघतो. रविवारी. दुपारी चारला.

शुक्रवारी संध्याकाळी मी खाली गेले. सिस्टर तांदूळ निवडत होत्या.

"सिस्टर, रविवारी ते लोक येऊन राहिले."

"येऊ दे न. पोहे करू."

"नाही, म्हणजे... चारला येणार आहेत."

त्यांनी मान वर केली. मी ताटातल्या तांदळांकडे बघत राहिले.

"ओट्यावर नको बसू म्हणते का?"

"एकच दिवस. त्या लोकांना माहीत नाही ना. उगीच काही तरी समजतील."

"मांगच्या अंगणात बसलेलं चालन का?"

आता वाटतं, तिथं तरी मी हो म्हणायला हवं होतं. पण माझं डोकं भलतीकडेच पळत होतं. मी म्हटलं, "वास येईल, सिस्टर."

त्यांनी ताटात बोटं फिरवली. एक खडा सापडला तो उचलून बाजूला ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. "नाही पेटवत."

रविवारी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली, त्यांच्या खास कपबशा काढल्या, पोह्यांवर पेरायला खोबरं किसून दिलं. पाहुणे आले: मुलगा, त्याची आई आणि एक मामा. सिस्टरनी जय भीम केला, मी किती शिस्तीची आहे ते दोन वाक्यांत सांगितलं आणि "तुमी बोला, मी मांगं आहे," म्हणून आत गेल्या. घड्याळ खिळ्यालाच लटकत होतं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

मुलाची आई लहानखुरी, गप्प बाई होती. मामाच सगळं बोलत होते. पोहे झाल्यावर ती म्हणाली, "हात धुवाचे होते," आणि मागे गेली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मामांनी नागपूरच्या रस्त्यांचा विषय काढला. मुलगा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मम्मी कहाँ रह गई?" तेव्हा मी उठले.

मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली दोघी वेताच्या मोढ्यांवर बसल्या होत्या. चिरूटांचा डबा उघडा होता. मुलाच्या आईनं एक चिरूट अंगठा आणि दोन बोटांत धरला होता आणि ती तो अशा सफाईनं फिरवत होती की मी दारातच थबकले. नाकाशी नेला, कानाशी दाबला, वरच्या पानाची शीर नखानं चाचपली.

"पान चांगलं हाये, ताई. पण गुंडाळी जरा ढिल्ली हाये इथं. नवं पोरगं बसवलं असन कामाले."

"तुमाले कसं समजलं?" सिस्टर विचारत होत्या. त्यांचा असा उत्सुक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"माह्या माहेरी सगळ्या घरानं विड्याच वळल्या. लगन होयेपर्यंत मी बी. तेंदूचं पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचा, दोरा बांधायचा. झोपेत बी बोटं चालत." तिनं आपलं बोट पुढं केलं. टोकाची कातडी इतक्या वर्षांनीही राठ होती. "असला मोठा मात्र कधी हातात नाही घेतला. पेटवा न ताई. पाहू द्या कसा पेटते."

"आज नाही," सिस्टर म्हणाल्या.

"काहून?"

मी दारात उभी होते. दोघींनीही मला पाहिलं होतं. सिस्टरनी डब्याचं झाकण उचललं, त्याची कड पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "डॉक्टरनं मना केलं मले. आजच्या दिवस."

सिस्टर खोटं बोलत नसत. रोग्याच्या नातेवाइकांनाही त्यांनी कधी गोड खोटं सांगितलं नव्हतं, हे त्या अभिमानानं सांगत. माझ्यासाठी त्या एक खोटं बोलल्या, माझ्यासमोर. मी एवढंच म्हणायला हवं होतं की, डॉक्टरनी नाही, मी मना केलं. पाच शब्द होते. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी म्हटलं, "चहा ठेवलाय, येता ना?"

मुलाच्या आईनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चिरूट जपून डब्यात ठेवला. "तू जा पुढं," ती म्हणाली. "येतो आम्ही."

त्यानंतरही दोघी बाहेर यायला वेळ लागला. चहा गार झाला म्हणून मी दुसरा ठेवला.

पाहुणे गेले तेव्हा सहा वाजून गेले होते. मी सिस्टरची खुर्ची उचलून स्वतः ओट्यावर नेऊन ठेवली. स्टूल ठेवलं, ट्रे ठेवला. "आता बसा ना, सिस्टर."

"वेळ गेली," त्या म्हणाल्या. रागानं नाही. गोळीची वेळ चुकली तर सांगतात तसं. "तू कपबशा विसळून ठेव. बारीक कानाच्या आहेत, सांभाळून."

पुढच्या रविवारी चारला त्या ओट्यावर होत्या. काही घडलंच नव्हतं, अशा. दोन आठवड्यांनी भिलाईहून होकार आला आणि मी लग्न करून तेलीबांध्याला गेले.

लग्नानंतर मी तात्यापाऱ्यात जात असे, पण कमी कमी. कारणं होती: नोकरी, मुलगी झाली, तलावाकाठच्या रस्त्यावरची गर्दी. खरं कारण मला माहीत होतं. जाणं माझ्या सासूबाईंचं वाढलं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि पहिल्याच रविवारी जेवणं आटोपल्यावर त्यांनी चप्पल घातली. "ताईकडे जाऊन येतो." तेव्हापासून दर रविवारी ऑटो करून जायच्या. ओढायच्या नाहीत. शेजारी मोढा टाकून बसायच्या. मेमध्ये एखाद्या चिरूटाचं वरचं पान तडकलं तर बोटाच्या टोकावर डिंकाचं पाणी घेऊन अशी डागडुजी करायच्या की भेग सापडायची नाही. विशाखापट्टणमच्या मैत्रिणीला सिस्टरनी कळवलं होतं म्हणे, की तुमच्या कारागिरापेक्षा आमची बाई भारी आहे. घरी आल्यावर सासूबाईंच्या लुगड्याला तो वास असे. माझी मुलगी नाक धरून म्हणायची, "दादी, सिगार आंटी के यहाँ गई थीं?" सासूबाई हसायच्या.

गेल्या वर्षी सिस्टरना जिभेच्या बाजूला एक पांढरा चट्टा दिसला. टॉर्च आणि आरसा घेऊन त्यांनीच शोधला. डॉक्टरकडे जायच्या आधी त्यांना निदान ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी डब्यातले उरलेले चिरूट अंगणात मोडून पेरूच्या आळ्यात मिसळले, डबा घासून त्यात डाळ भरली, आणि नंतर कधी त्यांचं नाव काढलं नाही. मी भेटायला गेले तेव्हा रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडून काहून राहिली? मी माह्या हातानं पेटवला, कोनी जबरदस्ती नाही केली. याच्यात कोनाची चुकी नाही, माझी आहे. वॉर्डात असे किती पाहिले मी." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुह्या नवऱ्याचा खोकला गेला का?"

ऑपरेशन झालं. बोलणं जड झालं, पण कळायचं. सासूबाई तेव्हा तिथंच राहायला गेल्या, भाकरी दुधात कुस्करून भरवायच्या. मी एका सुट्टीच्या दिवशी गेले, सासूबाई भाजी आणायला गोल बाजारात गेल्या होत्या, आणि इतक्या वर्षांनी मी ते बोलले. सिस्टरच्या पायांशी बसून म्हटलं, "त्या रविवारी मी तुम्हाला नको म्हटलं, आणि तुम्ही डॉक्टरांचं नाव सांगितलंत. मी तिथं उभी होते. मी काहीच बोलले नाही."

"कोनता रविवार?" सिस्टरनी विचारलं.

"मला बघायला आले होते तो."

त्यांनी आठवल्यासारखं केलं. "मले तर पोहे याद आहेत," त्या सावकाश म्हणाल्या. "मीठ जास्त झालं होतं."

पोह्यांत मीठ जास्त झालं नव्हतं. पण मी पुढं काही बोलू नये अशी त्यांची इच्छा होती, आणि एवढी तरी त्यांची इच्छा मी पाळली.

पावसाळा संपता संपता त्या गेल्या. पारा लोटला होता. चहाच्या टपरीवरचे, किराणावाला, रेल्वेतल्या जुन्या नर्सेस. त्रिशरण-पंचशील झालं, आम्ही घरी आलो. पाचव्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मटाराची पिशवी काढली, परात पुढ्यात घेतली आणि मी शेजारी बसले. त्यांची बोटं शेंगांवर भराभर चालत होती.

"तुले एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "मी तर नाहीच म्हणणार होती."

"कशाला?"

"तुले. त्या दिवशी." त्यांनी हातातली शेंग फोडली. "मले समजलं होतं न, कोनत्या डॉक्टरनं मना केलं ते. तू चहा पाहाले गेली अन् मी ताईले म्हटलं, ही पोट्टी तुमाले लपवून राहिली. आज तुमाले, उद्या मले लपवन. चार बायांत कशी सांगन, का माही सासू विड्या वळत होती म्हून? मी काही हे लगन करत नाही, माह्या पोराले मी घरी जाऊन सांगतो."

मला वर बघवेना. "मग?"

"मंग ताई म्हणाली, लपवून नाही राहिली, भिऊन राहिली. दोन्हीत फरक असते. म्हणे, सगळ्या पाऱ्याले वाटते मी घर घेतलं अन् ओट्यावर बसली. खोटं आहे ते. पयले तीन वर्षं मी दार लावून, खिडकीले चादर टाकून पेटवत होती. आपल्याच घरात. बाहेर कोनी चालताना ऐकू आलं का हाताखाली लपवत होती, एकदा तर साडी जळाली. भीती काही एका दिवसात जात नाही, म्हणे. हिले जरा टाइम द्या."

सासूबाईंनी साली गोळा करून बाजूला सारल्या.

"मंग मी टाइम देला," त्या म्हणाल्या.

ज्या बाईला मी मागे लपवलं होतं, तिनं मागच्या अंगणात बसून माझा संसार वाचवला होता, आणि ते पुढं बारा वर्षं एका शब्दानं मला कळू दिलं नव्हतं. मला रडू आलं नाही. लाजही वाटली नाही, त्याच्या पलीकडचं काही तरी वाटलं. मी विचारलं,

"आणि गेली का, आई? माझी भीती?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी अंगणात बघितलं होतं तितकाच वेळ.

"थोडी हाये अजून," त्या म्हणाल्या, आणि परात माझ्याकडे सरकवली.